कोंचिरिसान

नवं वर्ष लागलं, की अंमलदार तांब्याची पाटी घेऊन जपानातल्या गोतो बेटावर उतरायचा, आणि तेव्हा समुद्रसुद्धा श्वास रोखून धरायचा, बरं का! पाटीवर बाळाला कडेवर घेतलेली मारियामाय. तिच्यावर पाय द्यायचा. नाही दिला, तर अख्खं घर ख्रिस्ताचं म्हणून सुळावर.

इसे दरसाल पाय द्यायची. घरी येऊन तोच पाय धुवायची, ते पाणी प्यायची आणि 'कोंचिरिसान'ची प्रार्थना म्हणायची. झालं, पाप फिटलं.

यंदा तिचा नवरा तोराकिची अर्धं अंग लुळं पडून अंथरुणाला खिळलेला, वाचाही गेलेली. अंमलदार पाटी घेऊन थेट अंथरुणापाशी आला. म्हाताऱ्याचा पाय उचलेना, तेव्हा इसेनंच तो धरून मारियामायच्या तोंडावर टेकवला. मग स्वतःचा ठेवला.

अंमलदाराची पाठ वळताच तिनं साकुझोकाकांना बोलावलं. पाद्री मारले गेल्यापासून लपूनछपून पोरांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालायचं काम त्यांच्याच घराण्याकडे.

"काका, कोंचिरिसान म्हणजे काय हो?"

"अगं, देवमाशाच्या पोटात बसून आलेला शब्द तो! वाटभर ओकत आला."

"कोण ओकत आलं, शब्द की तुम्ही? दारू उतरवा आणि खरं सांगा. हे चाललेत."

काकांनी कोपऱ्यातल्या जात्याकडे पाहिलं. "पाद्र्यांच्या भाषेत त्याचा अर्थ भरडणं. काळीज भरडून पीठ करायचं. पिठाचे परत दाणे होत नाहीत, तसं पाप परत करायचं नाही. ते मनात नसेल, तर नुसती बडबड."

"पण पुढल्या वर्षी मी परत पाय देणारच की! घरात नातवंडं आहेत."

"मीपण देणार."

"मग यांचं काय?"

"त्याचं सोपं आहे, पोरी. त्याला पुढलं वर्षच नाही."

इसेनं स्वतःचा पाय धुऊन पाणी वाटीत बाजूला ठेवलं; मग नवऱ्याचा धुतला, ते पाणी त्याला चमच्यानं पाजलं. अर्धं गालावरून ओघळलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन कोंचिरिसानचा एकेक शब्द म्हणू लागली. शेवटाला आली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं त्याचं नाव घेतलं, "तोराकिची पुन्हा असं करणार नाही."

त्याचे ओठ हलले. धड असलेल्या हातानं त्यानं तिचं मनगट ओढलं. म्हणजे, आता तू म्हण.

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि त्याचा ओला गाल पुसला.

संध्याकाळी तो गेला. इसेच्या स्वतःच्या पायाचं पाणी वाटीत तसंच होतं. तिनं ते अंगणात ओतलं आणि जात्याशी बसली. मयताला येणाऱ्यांना उद्या जेवायला घालायचं होतं.