इंकासमोर नेलेलं ओझं

इंकाला, म्हणजे आमच्या सम्राटाला, भेटायला जाताना पायांत काही घालायचं नाही आणि पाठीवर ओझं घ्यायचं, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. मोठे सरदार चार काटक्यांची मोळी बांधतात. वजन कोणी बघत नाही. मी बियाण्याच्या बटाट्यांचं पोतं नेलं.

ते बियाणं तोक्तोनं निवडलेलं होतं. तोक्तो माझी बायको. ती वारली, त्याच्या आठ दिवस आधीपर्यंत अंगणात बसून खोकत खोकत बटाटे वेगळे करत होती. त्याच पोत्याच्या तळाशी मी तिच्या केसांची जुडी ठेवली होती.

मला एकच गोष्ट मागायची होती. इंकाच्या हुकमानं आमच्या सुरिपाता गावातून वीस जोडपी उत्तरेच्या पठारावर वसवायला नेणार होते. त्यात माझी एकुलती मुलगी पावकार आणि जावई होते. असं नेलेली माणसं परत येत नाहीत आणि म्हाताऱ्यांना कोणी बरोबर घेत नाही. पावकारला राहू द्या, एवढंच मला म्हणायचं होतं. मी शंभर घरांचा मुखिया, म्हणून तीन दिवस थांबून का होईना, राजधानी कुस्कोत वाड्याच्या आतल्या दारापर्यंत पोचलो.

"बाबा, अख्खं पोतं कशाला आणलंत? पाठ मोडून घ्यायचीय का?" द्वारपाल म्हणाला.

"मोडायची ती मोडून झालीय. तुम्ही नाव पुकारा."

माझ्या पुढे सरदार पियासू उभे होते. दहा हजार घरांचे मालक, कानांत सोन्याच्या चकत्या, पाय अनवाणी. पाठ मात्र रिकामी.

"सरदार, ओझं?" द्वारपालानं विचारलं.

"माझ्या माणसांकडे आहे. चौकात थांबलीत ती."

"त्यांनी उचललं तर ते त्यांचं ओझं झालं."

सरदारांचा चेहरा उतरला. जन्मात कधी काही उचललं नव्हतं, त्यामुळे आजही उचलायचं राहून गेलं. तेवढ्यात आतून दोघांनाही बोलावणं आलं. मला त्यांची दया आली.

"यातले निम्मे घ्या," मी म्हणालो.

"बटाटे?"

"पाठ वाकल्याशी कारण. पसरा तुमची शाल."

मी वरचे निम्मे त्यांच्या शालीत ओतले. तळाला हात लावला नाही.

"हा इतका वाकडातिकडा कसा?"

"त्याला सूनरडवा म्हणतात. सोलायला बसली की नवी सून रडते."

"आमच्या सुनेनं अजून बटाटा सोललेला नाही."

"मग एकदा द्याच तिला."

ते हसत हसतच आत शिरले.

दोन बायका तलम कापड धरून उभ्या होत्या. कापडामागे इंका बसले होते. दिसली ती नुसती सावली. ते इतकं हळू बोलत, की शेजारचा कारभारी ते आम्हाला पुन्हा सांगे.

आम्ही वाकलो आणि सरदारांच्या शालीची गाठ सुटली. बटाटे फरशीवर गडगडत गेले. एक सूनरडवा थेट कापडाखालून पलीकडे गेला. कोणी हललं नाही. मला वाटलं, आता दोघांचंही संपलं.

सावली वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"हे बटाटे कुणाचे, असं विचारतात," कारभारी म्हणाला.

सरदारांना 'माझे' म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "या म्हाताऱ्याचे. मी ओझं विसरलो होतो. आमच्या उत्तरेच्या पठारावर तीन वर्षं थंडीनं पीक करपतंय. तिथे पेरायची जाण असलेली माणसं लवकर द्या, हे मागायला आलो आणि या घाईत ओझंच राहिलं."

"हे बियाणं थंडीत टिकतं का?" मला विचारलं.

"टिकतं. सतरा जाती आहेत. कुठली उतारावर, कुठली ओलीत, कुठली आधी, सगळं ठरलेलं असतं."

"सांग."

"मला येत नाही. माझ्या बायकोला यायचं. आता मुलीला येतं."

बोललो आणि माझं मलाच कळलं. तिला ठेवून घ्यायला आलो होतो आणि तिचं जाणं मीच पक्कं करून टाकलं होतं.

"तू काय मागायला आलास?"

कापड धरणाऱ्या एकीचा हात भरून आला होता, कापड थरथरत होतं. मला तोक्तोचे हात आठवले. दम लागला तरी एकही बटाटा तिनं चुकीच्या ढिगात टाकला नव्हता. आपण पेरणार नाही, हे तिला माहीत होतं.

मी म्हणालो, "पोतं जड आहे. मुलीला दिवस गेलेत. तिथवर ते मला उचलू द्या."

"म्हातारे मोजणीत नसतात," कारभारी स्वतःच बोलला.

कापडामागून पुटपुटणं ऐकू आलं. कारभाऱ्यानं खाली मान घातली. "इंका म्हणतात, मोजणीत नाही तर एक गेल्यानं कमी काय होणार? जाऊ दे."

मी फरशीवरचे बटाटे गोळा केले. सरदारही गुडघ्यांवर बसून वेचत होते.

बाहेर द्वारपालानं विचारलं, "सगळे मिळाले?"

"एक आत राहिला."

"मग तो गेलाच. त्यांनी हात लावलेलं परत येत नाही, जाळून टाकतात."

"जाळू नका, भाजा म्हणावं. मीठ लावून चांगला लागतो."

सरदारांनी चौकापर्यंत आपलं निम्मं ओझं कुणाला घेऊ दिलं नाही. दोनदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा मी बांधून दिली.

तोक्तोला ठेवलंय त्या गुहेपाशी चिचा, आमची मक्याची दारू, ठेवायचं माझ्या बहिणीनं कबूल केलंय. उत्तरेला पोचायला दोन महिने लागतील. पेरणीच्या आत पोचू. केसांची जुडी तळाशीच आहे. पावकारला अजून सांगितलं नाही. पहिली सरी ओढताना मातीत ठेवायला देईन.