राहतं घर

बेल वाजवून ती दारापासून जरा बाजूला उभी राहिली. आत कुणी नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सकाळी तिनेच कुलूप लावलं होतं. पण राहत्या घराची बेल वाजवल्याशिवाय किल्ली लावायची नाही, हा ऑफिसचा नियम, आणि तो तिच्या अंगवळणी पडलेला. मागे जिन्यावर तिघं ताटकळत होती. धाप लागलेली सासू, दिवस भरत आलेली सून आणि दोघींच्या मध्ये सापडलेला मुलगा.

"कुणी दिसत नाही घरात," मुलगा म्हणाला.

"बाहेर गेल्या असतील." तिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला, आपल्याच घराची किल्ली त्यातून शोधून काढल्यासारखं केलं आणि दार उघडलं.

घरं विकून देणाऱ्या एका ऑफिसात ती घरं दाखवायचं काम करायची. सगळे तिला किल्लीताई म्हणत. घर घ्यायला निघालेल्यांना ती न विचारता सल्ला द्यायची. रंगाला भुलू नका, रंग म्हणजे नवरदेवाचा सूट, त्या दिवसापुरताच. कपाटामागे हात घालून भिंत ओली लागते का बघा. सगळे नळ एकदम सोडा. खिडक्या लावून घ्या आणि जरा गप्प उभे राहा, शेजारचं काय काय ऐकू येतं ते कळेल. साहेब कपाळावर हात मारून म्हणत, "अगं, तू घरं विकायला जातेस की मोडायला?" पण तिच्या हातून घर घेतलेला कुणी परत भांडायला आला नव्हता, म्हणून चालवून घेत.

घर दाखवताना मालक घरात नको, हाही ऑफिसचाच नियम. मालक एक तर कौतुकं सांगत सुटतो, नाहीतर उसासे टाकतो, आणि गिऱ्हाईक दोन्हीला बिचकतं. म्हणूनच तिने साहेबांना म्हटलं होतं, माझ्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवा.

"दुसरं आहे कोण? तूच जा. मालकीणबाई बाहेर गेल्यात म्हणून सांग. खोटं थोडंच आहे?"

नवरा वर्षामागे निघून गेला होता. आदळआपट नाही, की आरडाओरडा नाही. शर्ट इस्त्री करून, घड्या न मोडता घेऊन गेला. घर दोघांच्या नावावर, ते विकलं की सगळंच मिटणार होतं. तिची त्याला ना नव्हती. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर परक्याचा वाटतो, तसं तिचं झालं होतं. प्रश्न होता तो लेकीचा. बाप ऑफिसमधून यायचा ती वेळ झाली की पोरगी खेळणं टाकायची आणि या दाराला पाठ टेकून बसायची. म्हणजे दार ढकललं गेलं की लगेच कळेल. जेवायलाही तिथेच. ओरडून झालं, समजावून झालं. हे दार सुटलं की हे बसणंही सुटेल, एवढ्यासाठीच तिला घर विकायचं होतं. आधी दोन गिऱ्हाइकं आली होती. दोघांनाही जिन्यातच कुणीतरी घर का विकतायत ते सांगितलं, आणि ती फिरकलीच नाहीत.

"नळ पुरता सोड रे, देवासमोर पाणी सोडल्यासारखा काय सोडतोस," सासू स्वयंपाकघरातून मुलावर ओरडली. मग बाहेर येऊन तिने विचारलं, "का विकतायत म्हणे?"

"बदली झाली," किल्लीताई म्हणाली. ऑफिसचं ठरलेलं उत्तर.

"मग ठीक. मोडलेल्या संसाराचं घर मला फुकटही नको. सुनेचं बाळंतपण तोंडावर आलंय."

"आई, अहो, हळू," सून म्हणाली.

"हळू काय? भिंतींना कान असतात हे ऐकलंय, पण त्या चुगल्या करत नाहीत."

मुलगा गॅलरीच्या दाराशी झटत होता. दार काही हलेना. त्याने खांदा लावला, तोंड लाल झालं.

"सरका," किल्लीताई म्हणाली आणि पुढे झाली. कडी किंचित वर उचलली, खालच्या बाजूला गुडघा टेकवला. दार मुकाट्याने उघडलं.

"वा, ताई! हातगुण आहे तुमच्या हाताला!"

"गुडघागुण म्हण," सासू म्हणाली, आणि दोघं मायलेक हसत गच्चीवरची टाकी बघायला गेले. सुनेला जिना झेपण्यासारखा नव्हता. ती मागे राहिली. दाराच्या खालच्या बाजूचा रंग एकाच जागी उडाला होता, गुडघ्याच्या उंचीवर. सुनेने तिथे बोट फिरवलं.

"ताई, हे तुमचंच घर आहे ना?"

किल्लीताईने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"हो."

"आणि बदली?"

"नाही झाली. नवरा वेगळा राहतो."

"खूप भांडणं व्हायची?"

"नाही. बोलणंच संपलं. दूध संपलंय, भाजी आण, एवढंच उरलं होतं. मग तेही चिठ्ठीवर लिहायला लागलो."

सून सावकाश खुर्चीत बसली, पोटाला हात लावून. "सगळ्यांना सल्ला देता म्हणे तुम्ही. मग मला सांगा. घेऊ का?"

घ्या म्हटलं असतं तर झालंच असतं. शाळेला सुट्टी म्हणून लेक सकाळपासून खालच्या आजींकडे होती, तिचं दप्तर दाराशीच पडलं होतं. किल्लीताईने ते उचलून खुंटीला लावलं.

"पाणी चांगलं आहे," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात. "भिंती कोरड्या. आतली खोली उन्हाळ्यात तापते, पलंग बाहेरच्या भिंतीला लावू नका. आम्ही लावला होता. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं, बाळाला तिथे निजवा. खालच्या आजी मूल सांभाळतात, मायाळू आहेत, फक्त टीव्ही गाव गोळा करतील एवढा मोठा लावतात. आणि आमचं जे झालं ते या घराने केलं नाही." ती थांबली. "पण सासूबाईंना सांगून घ्या. लपवून घेऊ नका. जिन्यातले लोक सांगतातच, आणि मग त्या जन्मभर तुम्हालाच बोल लावतील."

"सांगितलं तर त्या नाही म्हणतील."

"म्हणतील."

जिन्यातून सासूचा आवाज आधी आला, सासू मागून. "टाकी स्वच्छ आहे गं. आपल्या घरच्या पातेल्यांपेक्षा स्वच्छ."

सून उठली नाही. "आई, बदली झालेली नाही. इथले नवराबायको वेगळे झालेत. म्हणून विकतायत."

सासूच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थांबलं. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. दाराशी मांडलेल्या छोट्या बुटांकडे सासूची नजर गेली.

"लेकरू कुणाकडे असतं?"

"माझ्याकडे," किल्लीताई म्हणाली.

सासूने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. जुडगा, ऑफिसची पर्स, उन्हाने रापलेला चेहरा.

"मग मघाशी बेल कुणासाठी वाजवलीस?"

"नियम आहे."

"बाई गं." सासू मटकन खाली बसली. खालच्या आजींच्या टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या, शब्दन् शब्द ऐकू येत होता. "पाणी दे गं जरा. जिन्याने जीव घेतला माझा."

किल्लीताईने न बघता फडताळातला पेला घेतला, भरून दिला. सासू सगळं पाणी प्यायली. पेला लगेच परत केला नाही, मांडीवर धरून ठेवला. सुनेकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. मग मुलावर खेकसली, "अरे, टेप आणलास तो काय खिशात मिरवायला? कपाट मावतंय का बघ की आतल्या खोलीत."

मुलगा चपापून आत गेला. आतल्या खोलीत नवऱ्याचं कपाट होतं तिथे भिंतीवर उजळ चौकोन उरला होता. बाकीची भिंत त्याच्या मानाने जुनी वाटत होती. मुलाने टेप ओढला, पण दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. बायकोला वाकता येईना, आई बाहेर बसलेली.

"ताई, तेवढं टोक धरता का?"

किल्लीताईने जुडगा खिडकीत ठेवला. कोपऱ्यात गुडघे टेकून बसली आणि टेपचं टोक उजळ चौकोनाच्या कडेला अंगठ्याने दाबलं.

"सैल पडतंय. घट्ट धरा."

"धरलंय," ती म्हणाली. त्याचा आकडा वाचून होईपर्यंत तिने अंगठा हलू दिला नाही.