जपून ठेवलेले नकाशे

माझे दोन्ही जावई वैमानिक. साडू-साडूंनी मिळून एक छोटं विमान घेतलं आणि डोंगरापलीकडच्या गावांना औषधांची खोकी पोचवू लागले. विमान एक, तशी नकाशांची पिशवीही एकच, मागच्या सीटखाली कोंबलेली. ढगात बाहेरचं काही दिसत नाही. तेव्हा समोरचे काटे आणि हे नकाशे यांच्या भरवशावर धावपट्टी गाठायची. आणि नकाशे म्हणजे दूध. मुदत संपली की नासले. नवे दर काही आठवड्यांनी धाकट्याच्या घरी येत. थोरला म्हणे, "तो घालतो पिशवीत." धाकटा म्हणे, "लागले तर दादा मागतील." दोन घरचा पाहुणा उपाशी.

एकदा थोरले जावई म्हणाले, "बाबा, चला, वरून जग दाखवतो."

जग काही दिसलं नाही. डोंगर सुरू झाले तसं खाली, वर, बाजूला नुसतं पांढरं. जावयांनी पिशवी ओढली, एक कागद मांडीवर पसरला, त्यावरचा क्रमांक रेडिओवर लावला आणि गावच्या विमानतळाला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मी म्हटलं, "जेवायला गेले असतील."

"बाबा, जरा गप्प बसा."

जावई मला गप्प बसा म्हणाले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग त्यांनी मागच्या मोठ्या विमानतळावरच्या कंट्रोलला विचारलं. तिकडून एक बाई बोलल्या. आवाज शाळेतल्या बाईंसारखा.

"तो क्रमांक केव्हाच बदलला. तुमचा नकाशा कधीचा आहे?"

जावयांनी कोपऱ्यातली तारीख वाचली.  

"त्यानंतर टेकडीवर टॉवर उभा राहिलाय," बाई म्हणाल्या. "या नकाशावर उतरलात तर त्याला जाऊन भेटाल. आहात त्या उंचीच्या खाली येऊ नका. पूर्वेला वळा, तिकडे आकाश मोकळं आहे."

वळलो. घामाने जावयांचा शर्ट पाठीला चिकटला होता. माझंही काही वेगळं नव्हतं, पण मी सासरा, म्हणून खिडकीबाहेर बघत राहिलो. ढग सरले, खाली धावपट्टी दिसली, उतरलो.

तिथे एक वैमानिक आपल्या विमानाच्या पंखाखाली डबा खात होता. जावयांनी त्याच्याकडे नकाशे मागितले.

"नवे आहेत," तो म्हणाला, "पण मलाही परत जायचंय ना. छत्री उसनी देईन हो, नकाशा नाही."

जावयांनी तिथूनच धाकट्याला फोन लावला. मी शेजारीच होतो, सगळं ऐकू येत होतं.

"अरे, नवे नकाशे आले होते का?"

"आले की! कपाटात आहेत. हिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेत."

"कपाटात कशाला?"

"दादा, विमानात तेलाचे हात लागतात. म्हटलं, आधी जुने वापरून संपवू."

"नकाशे म्हणजे साबण आहे का रे, संपवायला?"

मागून माझ्या धाकटीचा आवाज आला, "भाऊजींना म्हणावं, एक घडीसुद्धा मोडलेली नाही!"

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. आत गठ्ठ्यांवर गठ्ठे, कोरे करकरीत. वरचा एक सोडला तर सगळ्यांच्या तारखा उलटलेल्या. आता दोघांच्या दोन पिशव्या आहेत. उडण्याआधी जो तो आपली उघडून तारीख बघतो, दुसऱ्याच्या शब्दावर जात नाही. धाकटीला अजून वाटतं, इतके चांगले कागद उगाच मळतात.

तिला तरी का बोलावं? आमच्या घरी फुलांच्या कपांचा सेट आहे. लग्नात आलेला. पाहुण्यांसाठी म्हणून काचेच्या कपाटात. आजवर एकही पाहुणा त्या लायकीचा निघाला नाही. ते कपाट पाहून आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी बायकोला म्हटलं, "चहा फुलांच्या कपात दे."

"कोण आलंय?"

"मी आलोय," म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, कप काढला, धुतला. बशी मात्र रोजचीच दिली.