धवळ्यातलं नाव

“धवला जरा आखूड कर गो,” मनुबाई सुनेला म्हणाली. “दुसरेपनाचं लगीन. पाट लावल्यावानी उरकून टाकू. लोकांना तमाशा कशाला?”

आवडाबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिच्याच नवऱ्याच्या लग्नाचे तांदूळ. तिने मान वर केली नाही.

“पाट रांडावलेल्या बाईचा लावतात, आत्याबाय. ही पोर कोरी हाय. तिचं तं पयलंच लगीन.”

“मंग दुसऱ्या गावची धवलारीन आनू. तुला सोसायचं नाय.”

“माज्या घरात दुसरी कोन येऊन गानार? मीच गानार. आनि पुरता गानार.”

मनुबाईने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. सून भांडखोर असती तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण ही पडली गरीब गाय. गरीब माणसाशी भांडायचं कसं, हे मनुबाईला उभ्या जन्मात जमलं नाही.

चौलच्या खाडीपलीकडच्या या खारपट्टीत आगऱ्यांचं लग्न भटजीवाचून अडत नसे, धवळारणीवाचून अडे. मांडवाला उंबराची डहाळी बांधण्यापासून नवरी उंबरठा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, धवळा, होतं, आणि धवळारणीने ते गायल्याशिवाय विधी झाला असं कुणी मानत नसे. तिच्यावर बंधन एकच. मांडवात सगळ्यांनी रडावं, तिने रडायचं नाही. जिचा घसा दाटला, तिला पुन्हा कुणी मांडवात बोलावत नसे. अपशकुन म्हणत.

आवडा धवळारीण झाली तीही एका घसा बसलेल्या म्हातारीमुळे. लग्न होऊन बरीच वर्षं लोटली तरी तिची कूस उजवली नव्हती. गावातल्या लेकुरवाळ्या ती दिसली की पोरं पदराखाली घेत. बोलणं तर तिला ठाऊकच नव्हतं. हो आणि नाही यांवर तिचा संसार चालला होता. अशात एका लग्नात हळद दळताना गोदूबाई धवळारणीला खोकल्याची उबळ आली. जातं थांबलं. बायका एकमेकींची तोंडं बघू लागल्या. आणि कोपऱ्यात बसलेल्या आवडाने पुढची ओळ उचलली. लहानपणापासून ऐकून ऐकून सगळा धवळा तिच्या पोटात साठला होता, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. आपण कशासाठी जन्माला आलो हे एखाद्याला मरेपर्यंत कळत नाही. तिला ते जात्याशी कळलं.

गोदूबाईने मरण्याआधी उरलंसुरलं सगळं तिला शिकवलं. मग पोरं लपवणाऱ्या त्याच बायका तिला हाताला धरून मांडवात नेऊ लागल्या. त्यांच्या लेकींना पहिली हळद तिने लावायची. एवढं सुख तिला नवऱ्याच्या घरातही मिळालं नव्हतं.

नवरा, भागोजी, वाईट नव्हता. हळदीच्या आदल्या दिवशी तो मांडवाचा खांब उगाच हलवून बघत तिच्याजवळ आला.

“आवडे, तू नको म्हन. मी अजून मोडतो लगीन.”

“माज्या तोंडानं कशाला मोडता? तुमाला पोर हवं हाय, नाय का?”

भागोजीने पुन्हा खांब हलवला. त्याला खोटं बोलता येत नसे.

“मंग जावा. हलद लावायची हाय तुमाला.”

हळदीला सगळं गाव लोटलं. हळद कमी आणि आवडाचा चेहरा जास्त, असं बघणं चाललं होतं. दोघीतिघींनी तर तिच्यासाठी आधीच डोळ्याला पदर लावून ठेवला होता. आवडाने नवऱ्याच्या कपाळाला हळद लावली आणि धवळा सुरू केला. पितर बोलावले, ग्रामदेवी बोलावली, समुद्र बोलावला. एक ओळ गाळली नाही. लग्न लागेपर्यंत बघायला आलेली माणसं ऐकायला लागली होती.

वरात दारात आली तेव्हा नवरी, रतन, उंबरठ्याच्या दोन पावलं मागेच थांबली. सोळा-सतरा वर्षांची पोर; सवतीवर दिलेली. उंबरठ्यावर शेवटचा धवळा असतो. घरातल्या एकेका बाईचं नाव घेऊन नवरीला सांगायचं, ही तुझी सासू, ही तुझी नणंद, ही तुझी जाऊ. यांच्या ओटीत आलीस. सवतीची ओळ गोदूबाईने शिकवली नव्हती. तशी ओळच नव्हती.

आवडाने सासूचं नाव घेतलं. नणंदेचं घेतलं. मग ती थांबली. मनुबाईने खांब घट्ट धरला.

गळ्यात काहीतरी वर येत होतं, ते तिने गिळलं. नावं तिथेच संपवली, धवळ्याची शेवटची ओळ धरली आणि नवरीला आत घेतलं. आवाज कुठे हलला नाही.

सकाळी रतन चुलीपाशी घुटमळत होती. आवडाबाई गाठोडं बांधत होती. खाडीच्या वरच्या अंगाच्या गावात हळद होती.

“बाय,” रतन भीत भीत म्हणाली, “काल समद्यांची नावं आली. तुमचं नाय आलं.”

“धवलारनीचं नाव धवल्यात नसतं, पोरी,” आवडा म्हणाली. “चूल पेटव. धूर झाला तं त्या कोपऱ्यातनं फुंक.”

ती खाडीच्या बांधाला लागली. कापणी झालेल्या खाचरांत बगळे उभे होते, माणूस कुणी नव्हतं. मध्यावर तिने गाठोडं खाली ठेवलं आणि उंबरठ्याचा धवळा हळू आवाजात म्हटला. सासू, नणंद. मग त्या जागेवर तिने स्वतःचं नाव घातलं. आवडा.

हा कुणाचा मांडव नव्हता. ती पोटभर रडली.

मग तिने खाडीच्या खाऱ्या पाण्याने तोंड धुतलं, घसा खाकरून बघितला आणि गाठोडं उचललं. तिकडे जात्याभोवती बायका तिच्यासाठी खोळंबल्या असणार होत्या.