एकशे सहा पॉइंट

छापखान्यात पानं जुळवणाऱ्या माणसाला कोणी शाबासकी देत नाही. पान बिघडलं तर सगळ्यांना दिसतं, जमलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि लक्षात येऊ नये यातच आमची हुशारी. दोन परिच्छेदांमध्ये किती जागा सोडायची, शीर्षकाखाली किती, ओळी सैल ठेवायच्या की आवळायच्या, हे सगळं मी बावीस वर्षं कॉम्प्युटरवर आकडे घालून ठरवत आले. लोकांना वाटतं मजकूर पानावर आपोआप बसतो. बसतो कसला, सहलीच्या बसमध्ये पोरं बसवतात तसा एकेकाला दटावून बसवावा लागतो.

आमच्याकडे माणसं सात. मालक, मी, छपाईवर दोघं, बाइंडिंगला दोघी आणि कागद कापायच्या मशीनवर मामा. ते नेमके कोणाचे मामा, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी कामाला लागले त्या दिवशी सगळे त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हणायला लागले. माणूस अबोल. सकाळी आल्यावर "आलीस का" आणि संध्याकाळी "निघालीस का", एवढाच आमचा बावीस वर्षांचा संवाद, आणि तेवढ्यावरही माझा त्यांच्यावर जीव होता.

त्या मशीनला दोन बटणं आहेत. कागदाचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबायची, तेव्हाच पातं खाली येतं. दोन्ही हात बटणांवर असले की पात्याखाली हात जायचा प्रश्नच येत नाही. पण दर वेळी हात काढा, बटणं दाबा, पुन्हा गठ्ठा नीट करा, यात वेळ जातो. कॅलेंडरांच्या गर्दीत मालकांनी उजवं बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून टाकायला लावलं. डाव्या हाताने बटण, उजव्याने गठ्ठा. काम झपाट्याने व्हायला लागलं. पट्टी सगळ्यांनी पाहिली. मीही पाहिली, आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. तिसऱ्या आठवड्यात मामांचा उजवा हात मनगटापासून गेला.

चौकशीची माणसं दुसऱ्या दिवशी आली. तोवर पट्टी गायब होती, बटण स्पिरिटने पुसून लख्ख केलेलं होतं. आम्ही सगळे मूग गिळून उभे होतो. चौकशी अधिकारी म्हणाले, जखमी माणसाचा लेखी जबाब द्या. मामांना आता लिहिता येणार नव्हतं, म्हणून मालकांनी मला लॅपटॉप देऊन दवाखान्यात धाडलं. "ते सांगतील ते टाइप कर," म्हणाले. मामा आपल्याविरुद्ध काही बोलतील हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

मामींना मामांनी औषध आणायच्या निमित्ताने खाली पाठवलं आणि मग बोलायला लागले. थांबत थांबत तासभर बोलले. बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं एवढं मी त्या तासाभरात ऐकलं. ऐकलं म्हणजे टाइप केलं. सवयीने पानं जुळवायच्या प्रोग्राममध्येच केलं, नेहमीची मांडणी लावून: प्रत्येक परिच्छेदाखाली सहा पॉइंट जागा, ओळीला ओळ वीस पॉइंटवर. बहात्तर पॉइंट म्हणजे एक इंच. मजकूर एक पान भरून दुसऱ्यावर थोडा गेला. छापखान्यात जाऊन दोन्ही पानं छापून आणली, ती शनिवारची संध्याकाळ.

मामांनी डाव्या हाताने सही केली. तेवढ्या सहीला किती वेळ लागला ते मी पाहिलं आहे. कपाळावर घाम आला, पेन दोनदा सुटलं. सही खरं तर प्रत्येक पानावर घ्यायची असते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण माझ्याच्याने बघवेना. मी म्हटलं, "राहू दे मामा, शेवटच्या पानावर झाली ना, पुष्कळ झालं." मामांनी मान डोलावली. दया केली असं मला वाटलं.

रविवारी पहाटे ताप चढला आणि दुपारी मामा गेले.

मंगळवारी सकाळी मालकांनी मी आणून दिलेलं पाकीट उघडून जबाब वाचला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडायला सोपं जातं. ते रागावले नाहीत. त्यांनी पहिल्या पानावरच्या एका परिच्छेदावर बोट ठेवलं. पट्टीचा परिच्छेद.

"एवढा काढायचा," ते म्हणाले. "खोटं काही घालायचं नाही. एक अक्षर नवीन नको. फक्त हे काढायचं."

"सही झालीय," मी म्हटलं.

"सही दुसऱ्या पानावर आहे. दुसरं पान तसंच राहील. पहिलं नवीन छापायचं."

"पाच ओळी काढल्या की मजकूर वर सरकणार. दुसऱ्या पानावरचा पहिल्यावर येणार."

"म्हणून तर तुला बोलावलं. हे तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मामा गेले. त्यांना आता काय फरक पडणार आहे? इथे टाळं लागलं तर सगळ्यांना पडेल. तुलाही."

मी नाही म्हणू शकत होते. धमकीला घाबरले असं सांगितलं तर तुम्ही कदाचित समजून घ्याल, आणि थोडी घाबरलेही होते. पण खरं कारण त्याआधीच्या वाक्यात आहे. तुझ्याशिवाय जमायचं नाही, एवढं ऐकलं आणि माझं डोकं हिशेबाला लागलंही होतं.

पाच ओळी म्हणजे शंभर पॉइंट, त्यांच्याखालची जागा सहा. एकशे सहा पॉइंट, जवळजवळ दीड इंच. तेवढी पोकळी उरलेल्या पानावर अशी वाटून द्यायची की पहिलं पान आधीच्याच शब्दावर संपेल, आणि कोणाला काही काढल्याचा संशय येणार नाही. ओळींमधलं अंतर वाढवलं तर दुसऱ्या पानाशी लगेच विसंगत दिसतं, म्हणून त्याला हात लावला नाही. परिच्छेदांमधल्या आठ जागा सहाच्या बारा केल्या. अठ्ठेचाळीस निघाले. एक परिच्छेद शब्द किंचित विरळ करून एका ओळीने लांबवला. वीस. उरले अडतीस, ते पत्त्याच्या खाली एकोणीस आणि शीर्षकाखाली एकोणीस असे वाटून दिले. पान बरोबर त्याच शब्दावर तुटलं. पहिल्याच छपाईत जमलं. तो अर्धा तास मी खूश होते. याची मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणूनच सांगून टाकते.

जुनं पान मालकांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि संध्याकाळी मागच्या दारी जाळून टाकलं. फाइल मी त्याच नावाने सेव्ह केली होती. जुना मजकूर आता कुठेच नव्हता.

तीन महिन्यांनी चौकशीचा निकाल आला. यंत्रात दोष आढळला नाही, कामगाराचा निष्काळजीपणा. मालकांनी सगळ्यांसमोर हळहळ व्यक्त केली. दुपारी मशीन पुन्हा चालू झालं.

पुढच्या रविवारी मामी माझ्या घरी आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत निकालाची प्रत आणि सोबत जोडलेला जबाब. मामी कपडे दुरुस्तीचं काम करतात, उसवणं, आत घेणं, रुंद करणं. त्यांनी चहा नको म्हटलं, जबाबाची दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि हाताने सपाट केली.

"मला शिक्षण बेताचं. पण एक सांग," त्या म्हणाल्या. "एकाच माणसाचं बोलणं, एकाच दिवशी लिहिलेलं. मग हे पान ऐसपैस आणि हे दाटीचं कसं?"

मी वाकून पानांकडे बघितलं.

"कापड कमी पडलं की आम्ही शिलाया सोडतो आणि तेवढ्यातच रुंदी काढतो. घालणाऱ्याला कळत नाही, शिवणाऱ्याला कळतं. हे पान मला तसं दिसतंय."

प्रिंटर जुना आहे, असंच करतो, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. निकाल लागल्या दिवसापासून ते मी घोटून ठेवलं होतं. पण त्या माझ्या उत्तरासाठी थांबल्याच नाहीत.

"शनिवारी सही करून झाली, तू गेलीस, तेव्हा मला म्हणाले, सगळं लिहून दिलंय. पट्टीचंही आणि तुझंही. मी म्हटलं, माझं काय? तर म्हणाले, तोंडावर सांगायला मला उभ्या जन्मात जमलं नाही, कागद येईल तेव्हा वाच." मामींनी पानांकडे पाहिलं. "आता कागद आला. दहा वेळा वाचला. शेजारणीकडून वाचून घेतला. पट्टी नाही आणि मीही नाही. पट्टीचं सोड. पण जाता जाता या माणसाने मला थाप कशाला मारावी? आठवडा झाला, फोटोसमोर उभी राहून भांडतेय त्यांच्याशी. काय काय बोलले असेन."

तेव्हा मी सांगितलं. केबिन, बोट ठेवलेला परिच्छेद, एकशे सहा पॉइंट, सगळं. पेन्सिल घेऊन पहिल्या पानावर कुठे कुठे जागा सोडली तेही दाखवलं, कारण तेवढंच मला नीट सांगता येत होतं. मामी माझ्या पेन्सिलीकडे बघत राहिल्या. मला वाटलं हात उगारतील. उगारला असता तर मी गाल पुढे केला असता.

"म्हणजे ते खोटं बोलले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"काय होतं त्या पाच ओळींत?"

"मालकांनी उजवं बटण पट्टीने दाबून ठेवायला लावलं. मामांनी दोनदा नको म्हटलं. पट्टी कधी लावली ती तारीख."

"आणि माझं?"

त्यांचं होतं, एवढं मला माहीत होतं. परिच्छेदाच्या शेवटी, जवळजवळ दोन ओळी. शेवटच्या ओळीत दोनच शब्द उरले होते, आणि एवढीशी ओळ लोंबकळताना दिसली की मला खटकतं, म्हणून ती ठळक आठवत होती. पण शब्द? टाइप करताना आम्ही वाचत नाही. कानातून आलेलं बोटांतून जातं, मध्ये मुक्कामाला थांबत नाही. पट्टीचं लक्षात राहिलं कारण ते मला आधीच ठाऊक होतं. आणि परिच्छेद काढताना मी तो वाचला नव्हता, मोजला होता.

मामी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना फार नको होतं. तिने माझ्यासाठी खूप सोसलं, तिच्यामुळे माझा संसार झाला, असलं काहीही चाललं असतं. असली वाक्यं मी श्रद्धांजलीच्या पानांवर शेकड्याने जुळवलीत, झोपेतही सांगेन. एक सांगितलं असतं तर बाईचा जीव निवला असता आणि माझाही. पण मामांचं बोलणं मी एकदा काढून घेतलं होतं. आता त्यांच्या तोंडी स्वतःचं घालायचं, एवढंच करायचं बाकी राहिलं होतं.

"मला आठवत नाही, मामी," मी म्हटलं.

"आठव," त्या म्हणाल्या. पानांची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि चपला घालून गेल्या.

सोमवारी मी चौकशीच्या कार्यालयात गेले. अधिकाऱ्यांसमोर मोजपट्टी ठेवून दोन्ही पानांवरच्या जागा मोजून दाखवल्या, इथे बारा आणि तिथे सहा. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही स्वतः केलंत?" मी हो म्हटलं आणि तसं लिहून दिलं, प्रत्येक पानावर सही करून. नोकरी त्याच दिवशी गेली. मालक म्हणतात, कामावरून काढलं म्हणून बाई सूड उगवतेय. दिवसांची उलटापालट त्यांनाही छान जमते. बाइंडिंगमधल्या एकीने पट्टी पाहिल्याचं कबूल केलं, दुसरीने काखा वर केल्या. प्रकरण पुन्हा उघडलंय, माझ्यावरही गुन्हा लागेल म्हणतात. लागू दे.

मामींना त्यातलं काही सांगायला गेलं तर त्या म्हणतात, "होईल ते होईल." त्या दर रविवारी येतात. काम बरोबर आणतात, खिडकीशी बसून कोणाचा तरी झगा उसवतात, आणि मी समोर बसते. सुरुवातीला विचारायच्या, आता विचारत नाहीत, नुसतं बघतात. मी डोळे मिटते. पान जसंच्या तसं समोर येतं. समास दिसतो, परिच्छेद दिसतो, चौथी ओळ कुठवर गेली होती तेही दिसतं. अक्षरं दिसत नाहीत.

काल त्यांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "शब्द राहू देत. माझं सांगताना ते कसे दिसत होते? हसत होते, की डोळ्यांत पाणी होतं? तेवढं तरी सांगशील."

मामा बोलत होते तो सगळा तास माझी नजर स्क्रीनवर होती. ओळी कशा पडतायत ते मी बघत होते. मामांच्या चेहऱ्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि शेवटी मला मामींना तेच सांगावं लागलं.