खाजणातल्या चिखल्याला दिलेला शब्द

मी चिखल्या बोलतोय. मूठभर पक्षी, छातीवर काळा पट्टा. मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे खाजण माझं घर, आणि ह्या बेटाबाहेर जगात माझं कुणी नाही. आज बोलतोय ते रागानं. ऐकवत नसेल तर ऐकू नका.

आमचं घरटं म्हणजे जमिनीतली वाटीएवढी खळगी. त्यात दोन अंडी. उठताना पायानं त्यांच्यावर माती लोटायची, ही आईबापांची शिकवण. घार फसते, कुत्रा फसतो.

मी लहान असताना दूरची माणसं आली नि म्हणाली, हे पक्षी थोडेच उरलेत. शेजारच्या वेझो कोळ्यांनी ते मनावर घेतलं. त्यांचा वडीलधारा माहासोआ खाजणातल्या उंचवट्यावर उभा राहिला, पूर्वेकडे तोंड करून त्यानं जमिनीवर रम ओतली, पूर्वजांना हाका मारल्या आणि बंदी घातली. इथं शेळ्या चारायच्या नाहीत, झोपडी बांधायची नाही. अशी बंदी मोडणाऱ्याची होडी बुडते, असं हे लोक मानतात. मी निर्धास्त झालो.

त्याची सून व्होला एकदा चुकलेली शेळी ओढून नेताना म्हणाली, "मामंजी, सुनेपेक्षा ह्या चिखल्याचेच लाड जास्त!"

"तुला दार आहे गं लावून घ्यायला. त्याला काय आहे?" म्हातारा हसला.

किती बरं वाटलं होतं मला तेव्हा!

मग समुद्र पिसाळला. दर वादळात पाणी आणखी आत यायला लागलं. ते अडवणारी तिवरं गावानंच घरांच्या खांबांसाठी तोडली होती, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमचा सखल भाग बुडाला, पिल्लं वाहून गेली, आम्ही उंचवट्यावर सरकलो. एका भरतीत व्होलाचं घर गेलं. मग गावालाही तोच उंचवटा दिसला.

"पोरं होडीत झोपतात, मामंजी," व्होला रडत म्हणाली. "बंदी पोरांपेक्षा मोठी का?"

माहासोआ पुन्हा आला. जागा तीच, रमही तशीच. "पूर्वजांनो, दिलेला शब्द परत घेतो. रागावू नका."

शब्द असा परत घेता येतो, हे मला कुठं ठाऊक होतं? मी तिथंच अंड्यांवर बसलो होतो. त्यानं पूर्वजांची परवानगी मागितली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खांब घेऊन माणसं आली. मी अंड्यांवर माती लोटली आणि पंख मोडल्याचं सोंग करत त्यांच्यापुढे फरफटत गेलो. व्होलानं ओळखलं.

"थांबा! ह्याची अंडी इथंच कुठंतरी आहेत. कुणी हलू नका!"

सगळे वाकून शोधू लागले. सापडणार कशी? लपवणारा मी होतो. शेवटी माहासोआनं स्वतःचा पाय बाजूला घेतला. खालच्या मातीत पिवळं पाझरत होतं.

"मामंजी..."

"बोलू नकोस," तो म्हणाला. थोड्या वेळानं खांब रोवले गेलेच.

आता मी त्यांच्या कुडामागे नव्या अंड्यांवर बसलोय. म्हाताऱ्यानं भोवती काटक्या रोवल्यात, कुत्रा बांधून ठेवलाय. लोक म्हणतात, बघा, किती जीव लावतो! लावत असेल. माझा विश्वास मात्र उडाला तो उडालाच. पुढं सरकायला जागा नाही, म्हणून बसलोय.

माणसांनो, पाणी तुमच्या मागे लागलंय, दिसतं मला. माझ्याही मागे तेच लागलंय. पुन्हा शब्द द्यायचा तर द्या. पण तो परत घ्यायची वेळ आली, तर पूर्वजांना हाक मारण्याआधी जरा पायाखाली बघा. मी तिथंच असेन.