वर्गाची पुढची बाजू

झोंबा शहरातल्या विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला संशोधनपद्धती शिकवणारे डॉक्टर चिसाले भिंतीवरच्या पालीचे मोठे चाहते होते. "निरीक्षकानं पालीसारखं असावं," ते म्हणत. "तिला सगळं दिसतं, पण ती कुणाच्या खिजगणतीत नसते." पाल दिसल्यावर त्यांच्या घरी काय होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

तियामिके कालियातीला अशी पाल व्हायचं होतं. एका खेड्यातल्या शाळेत आठवडाभर बसायचं आणि वर्ग एरवी असतो तसा टिपून आणायचा. अहवाल पास झाला तर पुढे प्रबंध. नाही तर ब्लांटायरला मामाला कोंबड्यांकडे बघायला कुणीतरी हवंच होतं, आणि मामा दर रविवारी फोन करून कोंबड्यांची खुशाली कळवत होता.

चौथीच्या वर्गात बाकं नव्हती. मुलं जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली. शाळेतली एकुलती धड खुर्ची पाहुणीसाठी मागच्या भिंतीशी मांडली गेली. तियामिके बसली, तिनं वही उघडली, आणि अख्खा वर्ग बसल्या जागी गर्रकन वळून तिच्याकडे तोंड करून बसला.

"अरे, फळा तिकडे आहे!"

"मग काय पाहुण्यांना पाठ दाखवायची, मॅडम?" वर्गाच्या शिक्षिका नामालोंबा बाई म्हणाल्या. "घरी कळलं तर मार खातील पोरं." आणि त्या स्वतः पोरांमधून वाट काढत मागे आल्या, खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या आणि हातातला मंदासीचा तळलेला गोळा मोडून अपूर्णांक शिकवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तियामिके खिडकीपाशी बसली. वर्ग खिडकीकडे वळला. ती बाहेर जाऊन खिडकीतून डोकावली, तर सगळी मुलं उभी राहिली आणि एका सुरात तिची प्रकृती विचारू लागली.

"बाई, मी कुठे बसू म्हणजे वर्ग नेहमीसारखा राहील?"

"तुमच्या घरी," बाई म्हणाल्या. "इथे तुम्ही बसाल तीच पुढची बाजू."

तिसऱ्या दिवशी हात टेकून ती परत मागच्या भिंतीशी बसली. पाल होणं तर जमलं नव्हतं, तेव्हा निदान समोर दिसेल ते बघावं. समोर एक थोराड मुलगी होती, एस्नार्ट, नापास होऊन याच वर्गात पुन्हा बसलेली. बाईंनी मंदासीचे तुकडे दाखवून प्रश्न टाकला आणि एस्नार्टनं तोंड उघडलं. बरोबर. पुढचंही बरोबर. तिच्या आजूबाजूची पोरंही हात वर करू लागली. पलीकडे फळ्याखाली मात्र हेडमास्तरांचा भाचा आणि त्याची हुशार टोळी एकमेकांना चिमटे काढण्यात रमली होती.

"ही रोज अशी बोलते?" तास संपल्यावर तियामिकेनं विचारलं.

"एस्नार्ट?" बाई बोटांवरचं तेल पुसत म्हणाल्या. "ती मागच्या भिंतीशी बसते हो. हिला आवाज आहे हे मलाही आत्ताच कळलं."

रविवारी मामाचा फोन तियामिकेनं उचलला नाही. अहवाल लिहायचा होता, आणि आपली खुर्ची वगळून तो लिहिता येईना. शेवटी तिनं खुर्चीसकट लिहिला: ती हलली की वर्ग फिरतो, मागचे पुढे येतात आणि बोलू लागतात.

डॉक्टर चिसाल्यांनी वाचता वाचता लाल पेन उघडलं. "तू पाल नाहीस, तियामिके. तू तर छप्परच हलवून आलीस. याला निरीक्षण म्हणत नाहीत."

"हो सर."

"सगळा वर्ग बिघडवलास."

"हो सर."

पेन कागदावर टेकलं, पण काही उमटलं नाही. डॉक्टर पुन्हा मागचं पान उलटून वाचत होते.

"दाराजवळ कोण बसतं?"

"माहीत नाही, सर. दाराजवळ मी बसलेच नाही."

"मग इथे काय करतेयस?" डॉक्टर खेकसले, आणि प्रबंधाच्या परवानगीवर सही करून मोकळे झाले.